तात्यांनी गिळलेला हिरा

कुणी कुणाचं कौतुक करताना ‘माणूस म्हणजे अगदी हिरा!’ असं म्हणालं की मला हसू फुटतं. मग सांगत बसावं लागतं, की अहो, तुम्हाला नाही हसले. हसू येतं ते तात्यांमुळं. बारामतीच्या आमच्या कारखान्यात कुणाचा निरोप समारंभ असला आणि बोलणारा ‘हिरा’ म्हणाला रे म्हणाला, की मागच्या रांगेतून तात्यांचा आवाज यायचा, “कुठला? राबायचा का मिरवायचा?” बोलणारा गडबडायचा. तात्या पुढं विचारायचे, “आन हातोडीपासनं जपताय न्हवं त्येला?” सगळे खो खो हसायचे, भाषण आवरतं घेतलं जायचं आणि आम्हाला वडे गरम असतानाच मिळायचे.

मी हे सगळं आता सांगतेय, कारण मी नोकरीतून मोकळी झालेय आणि माझं आता कुणी काही वाकडं करू शकत नाही. तेव्हा तसं नव्हतं. नव्वदनंतरची ती वर्षं. एमआयडीसीत एकेक शेड उभी राहत होती आणि मी डिप्लोमा करून एका शेडमध्ये तपासनीस म्हणून चिकटले होते. अख्ख्या शेडमध्ये बाई मी एकटी. त्यात स्वभाव असा, की माप एका मायक्रॉननं चुकलं तरी लाल पेनानं फुली. मागं मला सगळे ‘फुलीबाई’ म्हणायचे. मला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

तात्या ग्राइंडिंग मशीनवर. सणसर गावचे. वडिलांच्या काळापर्यंत घरी मेंढरं होती, मग मेंढरं मोडून घरानं ऊस धरला आणि तात्या मशीनकडं आले. पण मेंढरं काही डोक्यातून गेली नव्हती. ग्राइंडिंग म्हणजे काय, तर दगडाच्या फिरत्या चाकानं पोलादी दांडा घासून मापात आणायचा. हे चाक, आम्ही त्याला व्हील म्हणतो, घासून घासून गुळगुळीत होतं आणि कापेनासं होतं. मग पोलादाच्या बोटभर दांडीच्या टोकाला बसवलेला हिऱ्याचा खडा त्याच्यावरून फिरवायचा. बोथट थर निघून जातो, खालचे धारदार कण उघडे पडतात. सगळे ह्याला ‘डायमंड मारणं’ म्हणायचे. तात्या म्हणायचे ‘कातरणी’.

“लोकर वाढली की मेंढरू गप पडतं, म्याडम. कातरलं की बघा कसं उड्या मारतं. व्हीलचं बी तसंच हाय.” आणि कातरणी करण्याआधी मशीनच्या पत्र्यावर थोपटून ते खरोखर ‘हर्रर्र, हर्रर्र’ करायचे. एकदा एक साहेब पुण्याहून मशीन बघायला आले होते. ते शेजारी उभे असताना तात्यांनी हर्रर्र केलं, आणि साहेब आपल्यालाच हाकलतायत असं समजून दोन पावलं मागं सरकले.

तात्यांच्या चंचीला पाच कप्पे होते. पान, सुपारी, चुना, तंबाखू आणि पाचव्यात शेडमधला एकुलता एक डायमंड. स्टोअरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मालक वैतागायचे, “तात्या, एक दिवस सुपारीबरोबर खाऊन टाकाल!” तात्या म्हणायचे, “सुपारी कडक, हिरा लई कडक. माझ्या दातास्नी फरक कळतू.”

मी लागले त्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. “म्याडम, हिऱ्यानं काय कापत न्हाय?”

मी नाक वर करून म्हणाले, “हिरा जगात सगळ्यात कठीण. सगळं कापतं त्यानं.”

“फुली,” तात्या म्हणाले आणि हवेत बोटानं फुली मारून दाखवली. माझ्यावर! “तांबं कापा, अल्युमिनियम कापा, काच कापा, दगूड कापा. पण लोखांडाच्या नादी लागायचं न्हाय. हिरा जातीनं कोळसा हाय. लोखांड तापलं की त्येला कोळशाची भूक लागती. खातं त्ये हिऱ्याला.”

घरी जाऊन पुस्तक उघडलं. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. पुस्तकात ते दीड पानात होतं आणि मला समजायला तीन वेळा वाचावं लागलं. पुढं आठ दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही.

अशा गोष्टी त्यांच्याकडं खच्चून भरलेल्या असायच्या. हिरा ओठाला लावला की काचेपेक्षा गार लागतो, कारण तो अंगातली ऊब पटकन ओढून घेतो. हिऱ्यावर ‘हाऽ’ करून वाफ सोडली तर डोळ्याची पापणी लवायच्या आत ती उडून जाते. पाणी हिऱ्याला धरत नाही, पण तेलकट, ओशट काही दिसलं की हा चिकटलाच. आणि सगळ्यात कठीण असला तरी हातोडीचा एक फटका नेमक्या जागी बसला तर दोन तुकडे होतात. हे सगळं ते भाजीवाल्याला सांगायचे, विमा एजंटाला सांगायचे, चहावाल्याला तर रोजच. भवानीनगरच्या स्टँडवर एका अनोळखी बाईंच्या नथीवर ‘हाऽ’ करायला गेले आणि मार खाता खाता वाचले, असं शेडमधले सांगायचे. मी तात्यांना विचारलं तर म्हणाले, “खोटा हुता त्यो खडा. लांबनंच कळलं.”

आणि एक नियम ते सतत बजावायचे. “पाणी सोडायचं तर आधीपास्नं सोडायचं. मधीच न्हाय. तापल्या हिऱ्यावर गार पाणी पडलं की त्यो दचकतू.” मला निदान तीनदा तरी सांगितलं असेल. मी दर वेळी मान डोलावली होती.

आता तो दिवस. सकाळी चहाच्या वेळी तात्या भलतेच खुशीत होते. घरी भांडण झालं की ते असेच असायचे. बायकोशी झालेलं भांडण ते मॅच बघून आल्यासारखं रंगवून सांगायचे. पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, सकाळी भाकरी थापता थापता तोफ डागली होती, “गावभर सांगत फिरता, हिऱ्यावर काम करतो म्हणून! आन माझ्या अंगावर फुटका मणी न्हाय. लग्नात काय मिरवू? तुमची चंची?”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“काय म्हनतू? म्हनलं, लई बोललीस तर त्योच हिरा गिळून मोकळा हुतो! आन सायकल काढली.” आणि स्वतःच हसले.

त्या दिवशी चार वाजता पुण्याची पार्टी दांड्यांचा नमुना बघायला यायची होती. नमुना पास झाला तर सहा महिन्यांचं काम मिळणार होतं. माझी नोकरीही त्याच आठवड्यात कायम व्हायची होती. मालक सकाळपासून शेडमध्ये येरझाऱ्या घालत होते. नेमका मशीनचा पाण्याचा पंप कुरकुरत होता, म्हणून तात्या कोरडीच कातरणी करत होते. जरा मारायचे, थांबायचे, गार होऊ द्यायचे, परत मारायचे. मला घाई. मी तिथं उभी राहून घड्याळ बघतेय. मधे तात्या सुपारी कातरायला वळले, हिरा अजून व्हीलला लागूनच होता, ठिणग्या दिसल्या, आणि मला वाटलं, हे कसलं कोरडं काम! मी हात घातला आणि पाण्याची तोटी सोडली. पंपानं त्याच क्षणी मुहूर्त साधला आणि फस्सकन पाणी आलं.

‘टक्’ असा आवाज झाला. एवढाच. तात्या झटकन वळले, मशीन बंद केलं, दांडी काढून बघितली. टोकाला नुसतं भोक. खडा उडून खालच्या ट्रेमधल्या चिखलात कुठंतरी गेला होता. हा चिखल म्हणजे पाणी, तेल, दगडाची पूड आणि लोखंडाचा चुरा. पाऊण बादली तरी होता.

आवाज ऐकून मालक आले. “काय झालं? डायमंड कुठंय?”

तात्यांनी एकदा माझ्या तोटीवरच्या हाताकडं बघितलं. तोंडातली सुपारी ह्या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाले, “गिळला.”

“काय?”

“खडा ढिला हुता. चंचीत निसटला, सुपारीत मिसळला. आत्ता गेला बगा.” आणि घशावरून बोट फिरवून दाखवलं.

मालक मटकन स्टुलावर बसले. हिरा गिळला की आतडी कापली जाऊन माणूस मरतो, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मालक इंजिनिअर होते, पण त्या घडीला शेंबडं पोरच झाले. “जीप काढा! दवाखान्यात चला!”

“कशापायी? त्यो कुठल्या आम्लात इरघळत न्हाय, माझ्या पोटात काय इरघळणार? जसा गेला तसा निघंल.”

“कधी?”

“त्ये पोटावर हाय.”

“अहो, चारला पार्टी येतीय!”

“पोटाला घड्याळ कळत न्हाय, मालक.”

मालकांनी दोन डझन केळी मागवली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तात्यांनी एकामागून एक सोलायला सुरुवात केली. मालक फोनवर नवा डायमंड कुठून मिळतोय का ते बघायला गेले, तसे तात्या माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, “ट्रेला कुणाला हात लावू दिऊ नगा. जेवनाच्या सुट्टीत हुडकू. आन गप ऱ्हावा. तुमचं अजून कायम व्हायचंय.”

मी गप राहिले. ह्याची मला आजही लाज वाटते. दुसऱ्यांच्या एका मायक्रॉनला फुली मारणारी मी, आणि माझी चूक एक वडीलधारा माणूस केळ्यांबरोबर गिळत होता.

बेत चांगला होता, पण गेटवरचा वॉचमन सणसरचाच निघाला. त्यानं एसटीडी बूथवरून गावच्या डेअरीत फोन ठोकला: तात्यांनी हिरा गिळला. आता गावात सगळ्यांना सकाळचं भांडण ठाऊक, ‘हिरा गिळून मोकळा हुतो’ हेही शेजारणींनी ऐकलेलं. मग कुणाला शंका राहणार? साडेबाराला गेटवर एक जीप येऊन थडकली. आत किती माणसं होती कोण जाणे, उतरतच होती. वॉचमननं बाकीच्यांना गेटवर थोपवलं आणि काकूंना तेवढं आत सोडलं. जेवणाची सुट्टी होती, मशीनपाशी तात्या, मालक आणि मी असे तिघंच होतो.

काकू धावत आल्या. भाकरीचं पीठ अजून मनगटाला होतं. तात्यांच्या हातात अर्धं केळं. काकूंनी त्यांचे दोन्ही दंड धरले आणि हंबरडाच फोडला. “आवो धनी! मी उगं बोलले वो! मला काय नगं. फुटका मणी बी नगं. तसंच लग्नाला जाईन मी. पर असं का केलंत?”

तात्यांचं हसू पार मावळलं. त्यांना मी तसं कधीच पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, “आगं, न्हाय गं… तसं न्हाय…” खरं सांगितलं तर मी अडकणार, नाही सांगितलं तर बायको रडून जीव देणार. त्यांनी एक शब्द सांगितला असता, तर सुटले असते. पण त्यांनी माझ्याकडं नजरसुद्धा वळवली नाही, नुसते छताकडं बघत राहिले. त्या न बघण्यानंच माझं तोंड उघडलं.

“काकू, त्यांनी काही गिळलेलं नाही. पाणी मी सोडलं. हिरा माझ्यामुळं उडाला. तो ह्या ट्रेमध्ये आहे. मला वाचवायला खोटं बोलले ते.”

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मग तात्यांकडं, मग केळ्यांच्या सालींकडं. काकूंनी पदरानं डोळे पुसले.

“म्हंजी गिळला न्हाय?”

“न्हाय,” तात्या म्हणाले.

“आन मी वाटंत नरसिंहपूरच्या देवाला नवस बोलून बसले की! आता त्यो कुणी फेडायचा?”

“फेडू की. जोडीनं जाऊ.”

“जोडीनं म्हणं!” काकूंनी त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला, की खरंच काही गिळलं असतं तर तिथंच बाहेर आलं असतं. आणि मग त्या हसायला लागल्या. रडण्याचं हसू कधी झालं ते कळलंच नाही. मालकसुद्धा हसले, पण लगेच घड्याळ बघून म्हणाले, “आधी शोधा. बाकीचं मग बघू.”

तात्यांनी चुंबक फिरवून लोखंडाचा चुरा काढला. कँटीनमधून धुण्याचा सोडा आणि गरम पाणी आणून चिखलातलं तेल धुतलं. मग एका परातीच्या तळाला ग्रीसचा पातळ हात दिला. “दगडाची पूड वली हुती, पाण्यासंगं वाहून जाती. हिऱ्याला पाणी धरत न्हाय, त्यो ग्रीसला चिकटतू. हळूहळू चिखूल सोडत ऱ्हायचं.” असं म्हणून त्यांनी परात हलवायला घेतली आणि पहिल्याच झटक्याला निम्मा चिखल माझ्या साडीवर.

“द्या हिकडं,” काकू म्हणाल्या. “खडं काढायला बाईमानूस लागतं.”

त्या फरशीवर मांडी घालून बसल्या. पाण्यात जोंधळे रोळावेत तशी परात एका लयीत हलवायला लागल्या. मी वरून पाणी सोडत होते. ह्या वेळी विचारून. परात कलायची, करडं पाणी निघून जायचं, परत नवा चिखल, परत पाणी. बादली संपत आली. मालकांनी न राहवून एक केळं सोललं. आणि काकू थांबल्या. ग्रीसमध्ये काहीतरी रुतून बसलं होतं, पाण्यानं हलत नव्हतं. ज्वारीच्या दाण्याएवढा, मळकट, तपकिरी खडा.

“ह्यो?”

तात्यांनी तो चिमटीत उचलला, सोड्यात धुतला, ओठाला लावला. “गार लागतूय!” असे काही ओरडले, की मालकांच्या हातातलं केळं पडलं.

“ह्यो व्हय हिरा?” काकू तोंडात बोट घालून बघत होत्या. “ह्येच्यापरीस माझ्या जुंधळ्यातला खडा बरा की वो! ह्येच्यापायी भांडले व्हय मी?”

“राबायचा हाय त्यो,” तात्या म्हणाले. “मिरवायचा न्हाय.”

आता तो परत दांडीत बसवायचा होता, आणि त्यासाठी भोकाची कड ठोकून आत वळवायची होती. म्हणजे हातोडी! जन्मभर जगाला हातोडीपासून जपायला सांगणाऱ्या माणसाच्या हातात हातोडी. एक फटका चुकला की हिऱ्याचे दोन तुकडे. तात्यांनी मशीनवर थोपटलं, हर्रर्र केलं. काकूंनी डोळे मिटले. टिक. टिक. टिक. कडेभोवती बारीक बारीक ठोके. मग खडा नखानं हलवून बघितला. हलला नाही. तात्यांनी त्यावर ‘हाऽ’ केलं, आणि वाफ दिसायच्या आधीच उडाली.

साडेतीनला व्हील कातरून झालं. चारला पार्टी आली. दांडे मी स्वतः मोजले आणि एकालाही फुली मारावी लागली नाही. काम मिळालं. मालकांनी माझं कायम होणं तीन महिने पुढं ढकललं. वाईट वाटलं, पण मला ते बरोबरच वाटलं. त्यांनी चुकीला चुकीएवढंच माप लावलं होतं.

पण खरी गंमत सुट्टी झाल्यावर गेटवर झाली. सगळं सणसर झाडाखाली चेहरे पाडून बसलेलं. काकू बाहेर आल्या तसे सगळे उठून उभे राहिले. मी काकूंच्या मागंच होते. मला वाटलं, काकू आता ह्या सगळ्यांना सांगणार, ह्या पोरीनं घोळ घातला म्हणून. काकूंनी एकदा मागं वळून माझ्या चिखलानं भरलेल्या साडीकडं बघितलं, आणि गावाला एकच शब्द सांगितला, “निघाला!”

असा जल्लोष झाला म्हणून सांगू! कुणी टोप्या उडवल्या, कुणी तात्यांना खांद्यावर घेतलं. उरलेली केळी मालकांनी सगळ्यांना वाटली. जीप सणसरकडं निघाली तेव्हा तात्या सायकलसकट आत होते.

नवस दोघांनी जोडीनंच फेडला. तो हिरा पुढं बरीच वर्षं राबला, झिजून झिजून इतका बारका झाला की दांडीत धरवेना. तात्यांनी निवृत्त होताना मालकांकडं तेवढाच मागितला. इंदापूरच्या सोनारानं हातात घेऊन नाक मुरडलं, म्हणे, ह्याला पैलू नाहीत, हा चमकणार नाही. तात्यांनी त्याची काकूंसाठी चमकी करून घेतली. सोनार म्हणाला ते खरंच होतं, ती चमकी कधी चमकली नाही.

त्यांच्या घरी जेवायला गेले होते तेव्हा ती मी काकूंच्या नाकात पाहिली. ओसरीवर नात्यातल्या चार-पाच बायका बसल्या होत्या. त्यातली नवी सून चमकीकडं निरखून बघत होती. तिनं भीतभीत विचारलं, “आत्याबाई, मामंजींनी गिळला हुता त्यो ह्योच व्हय? खरंच गिळला हुता का वो?”

तात्या पान लावत होते. त्यांचा हात चंचीतच थांबला. ते छताकडं बघायला लागले.

“म्हंजी काय!” काकू म्हणाल्या. “ह्या बाईंच्या समूरच गिळला. लई कडक बाई हाय ही, खोट्याला फुली मारती. इचार तिलाच.”

सगळ्या माझ्याकडं वळल्या.

“हो,” मी म्हणाले. “गिळला. मी पाहिलाय.”